दोन गुणांचा शब्द

आठवी ब. प्रश्न तिसरा, उपप्रश्न ई:
शब्दाचा अर्थ लिहा व वाक्यात उपयोग करा.
एग्झिलरेटेड.
दोन गुण.

त्रेपन्न पेपर, स्वयंपाकघरातलं टेबल,
कुकरच्या शिट्ट्या मोजत मी तपासते आहे.
सतरा जणींनी ओळ कोरी सोडली.
नऊ जणींनी लिहिलं, उल्हसित.
तो अर्थ मीच फळ्यावर दिला होता,
गाईडातून उचलून, हातावरचा खडू झटकत.
मंडईत, एसटीत, कुणाच्या बारशाला
'आज मी उल्हसित आहे' म्हणणारं माणूस
एक्कावन्न वर्षांत मला भेटलेलं नाही.

आमच्याकडे माणूस हरखतं.
त्याला आभाळ ठेंगणं होतं, जीव सुपाएवढा होतो,
उकळ्या फुटतात, पण मनातल्या मनात,
कारण दारात कोण उभं असेल सांगता येत नाही.
आणि जत्रेतला पाळणा वरून खाली येताना
पोटात गोळा येतो, तो मांडायचा भीतीच्या खात्यावर.
दोन्ही एकदम झालं तर काय म्हणायचं
हे मला कुणी शिकवलं नाही.
मीही कुणाला शिकवलं नाही.

एकेचाळिसावा पेपर, रसिका चोरगे.
अर्थ: गाडीचा वेग वाढवणे.
काट मारली. एक्सलरेटरशी गल्लत,
दरवर्षी दोघी-तिघी करतात.
खाली वाक्य, इंग्रजीत सुरू होऊन
तिसऱ्या शब्दाला मराठीत घसरलेलं:

'माझी शेवंताआत्या यवतेश्वरचा घाट
पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून उतरते.
पुढं दुधाचे दोन कॅन, मागं मी.
एका वळणाला खालचा सातारा एकदम अंगावर येतो.
आत्या घरात फारशी बोलत नाही
पण तिथं ती मोठ्यानं हाळी देते,
कुणाला नाही, नुसतीच.
मी म्हणते, आत्या ब्रेक. ती म्हणते, गप गं,
खाली जाईस्तोवर दुधाचं लोणी झालं तर झालं.
मग समर्थ मंदिरापाशी ती पदर नीट करते
आणि परत आत्या होते.'

शून्य दिला.
अर्थ चुकला की वाक्याला गुण नाहीत.
कुकरची कितवी शिट्टी झाली ते विसरले.
भाताचा लगदा झाला.

रविवारी दळण टाकून येते म्हणाले
आणि गिरणीवरून पुढं गेले, बोगद्याकडं.
गाडी चालवायला लागून अकरा वर्षं झाली,
काटा तिसाच्या पुढं कधी गेलेला नाही.
वर, जिथं उतार सुरू होतो तिथं, किल्ली फिरवली.
इंजिन गप्प झालं. पहिल्यांदाच ऐकू आलं
की चाकांखाली रस्ता असतो, आणि तो बोलतो.
पहिल्या वळणाला विम्याचा हप्ता आठवला.
दुसऱ्याला काहीच नाही.
अजिंक्यतारा तिरका झाला, सरळ झाला,
हेल्मेटच्या आत कुणीतरी ओरडलं,
तो आवाज माझ्या ओळखीचा नव्हता.

तळाशी सीताफळवालीजवळ थांबले.
हात थरथरत होते, हसू आवरत नव्हतं.
'काय झालं बाई? चक्कर आली का?'
तिनं पाण्याची बाटली पुढं केली.
उल्हसित ओठांवर आला,
तिच्या पाटीकडं बघून मागं फिरला.
'उतार लागला,' म्हणाले.
'लागतोच की,' ती म्हणाली,
आणि दोन सीताफळं वजनाबाहेर घातली.

घरी गेले. गहू डिकीत तसेच.

सोमवारी गुणतक्ता ऑफिसात गेलेला होता,
शिक्क्यासकट. शून्य तिथंच राहिला.
मधल्या सुट्टीत रसिकाला व्हरांड्यात गाठलं.
ती घाबरली, बोटाला ओढणी गुंडाळू लागली.
मी विचारलं,
आत्या किती वाजता उतरते गं?

'पावणेसहाला, बाई,' ती म्हणाली.
'का?'